कोपरा फाडलेलं कार्ड

१२ एप्रिल, शनिवार. जळगाव.

सामान आलं, मी आले आणि मुख्य म्हणजे चारही अल्बम सुखरूप आले. टेम्पोत गॅसची शेगडी एका बाजूने चेपली, पण त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. कुंदनला झालं. घरमालकांची सून पुनम चहा घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, माझं लग्न एका रद्दीवालीशी झालंय हे आजच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. दोन दिवसांची रजा काढून नवरा सामान लावायला आलाय, तेव्हा एवढं बोलायचा त्याला हक्क आहे.

घर मला फार आवडलं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, पुढे ओटा, ओट्यावर निंबाची सावली. मंगळवारपासून कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायचं. नाशिक सोडलं ते कुंदनसाठी. तो गुजरातेत एका बंदराच्या बांधकामावर सुपरवायझर आहे आणि इथून सुरतेची गाडी थेट मिळते. माझं सासर फैजपूरला, तेही जवळच. सासूबाई आणि माझे धाकटे दीर ललितभाऊ पुढच्या महिन्यात घर बघायला येणार आहेत.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आमचे घरमालक, अभिमन नाना, हे निवृत्त पोस्टमन. मूळचे धुळ्याकडचे, पण सगळी नोकरी इथून जवळच्या नशिराबादच्या पोस्टात गेली. आता ऐंशीच्या पुढे आहेत, उजवं अंग गेलंय, दिवसभर खाटेवर असतात. जुनी पत्रं जमवणारी बाई पोस्टमनच्या घरात भाडेकरू! मी पाण्याची वेळ विचारायचीसुद्धा विसरले.

१५ एप्रिल, मंगळवार.

कुंदन काल गेला. आज साडेअकराला त्याच्या चहाच्या सुट्टीत फोन आला. ही वेळ आता रोजची ठरली.

कॉलेजच्या ग्रंथालयात पंखे चांगले आहेत आणि मुलं कमी आहेत. सुट्टी तोंडावर आली की ग्रंथपालाला तरी दुसरं काय हवं? घरी येताना रद्दीच्या दुकानात डोकावलेच. अर्ध्या तासात एका कापूस जिनिंगचं रंगीत लेबल मिळालं, त्यावर हत्ती आहे, आणि त्याचा चेहरा मालकाच्या चेहऱ्यावरून काढला असावा. शिवाय १९६१ सालची एक लग्नपत्रिका. तिच्यावर हळदीचं बोट अजून पिवळं आहे. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी घाईघाईत हात न पुसता ती उचलली होती. या एका बोटासाठी मी ती पत्रिका घेतली, हे रद्दीवाल्याला सांगितलं असतं तर त्याने मला पाणी पाजून घरी पाठवलं असतं.

लोक विचारतात, यात काय आहे? मला तरी पोस्टकार्डात सगळं आहे असं वाटतं. उघडं कार्ड. पोस्टमनने वाचायचं, शेजाऱ्याने वाचायचं, ज्याला वाचता येत नाही त्याला गावाने वाचून दाखवायचं. आणि तरी लोक त्यावर मनातलं लिहायचे. जागा संपली की कडेने आडवं लिहायचे, त्यात खरी गोष्ट असायची. ‘गाय व्याली’ मध्यभागी आणि ‘तुझी फार आठवण येते’ कडेला.

इथला पोस्टमन नवल म्हणून आहे, तोही साडेअकराच्या सुमारासच येतो. इतर संग्राहक मला कार्डं पाठवतात म्हटल्यावर खूश झाला. हल्ली बँकेचे कागद सोडून काही वाटायला मिळत नाही म्हणाला.

१८ एप्रिल, शुक्रवार.

आज सुट्टी होती. नानांना माझे अल्बम दाखवले. डाव्या हाताने एकेक पान उलटत होते. शिक्के बघून कुठल्या गावचे ते न वाचता सांगत होते. मग अचानक पुनमला स्वयंपाकघरात पाठवलं. उशीखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं.

डावा खालचा कोपरा फाडलेला होता.

मी ते उजेडात उलटसुलट करून पाहिलं, आणि खरं लिहायचं तर ते दुःखाने नव्हे. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मृत्यूची बातमी. ते आलं की वाचायचं, वाचलं की लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. आमच्या घरी असं कार्ड आलं की वडील दारातच उभे राहून वाचायचे, दारातच तुकडे करायचे आणि थेट न्हाणीघरात जायचे. सगळीकडे हीच रीत. म्हणून तर असं कार्ड मागे उरतच नाही. संग्रहाच्या वीस वर्षांत मी एकही हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

मजकूर थोडाच आहे. सुरत, ६ मे १९७४. ‘सौ. बेबाबाई यांस, कळविण्यास वाईट वाटते की आपले पती गिरधर काल दुपारी दवाखान्यात वारले. कावीळ झाली होती. शेवटी पाणी मागितले ते पाजले. क्रिया आम्ही तापीवर केली. पत्र वाचून फाडावे. आपला, तोताराम.’

नाना सांगत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून एकसारखं पाणी येत होतं. कार्ड घेऊन ते दारात पोहोचले तेव्हा बेबाबाईच्या नणंदेची हळद लागत होती. वीस वर्षांची बेबाबाई पिवळ्या हातांनी धावत आली आणि पत्र आहे का विचारू लागली. नाना नाही म्हणाले. लग्न होऊ दे, चार दिवसांनी देऊ. चार दिवसांनी ती तशीच हसत धावत आली. पुन्हा नाही म्हणाले. मग रोजचंच झालं. गावाने ठरवून टाकलं की गिरधरने सुरतेत दुसरी बाई केली. बेबाबाई टाकलेली ठरली. नानांनी तेही ऐकलं आणि गप्प राहिले. ती अजून आहे, नशिराबादलाच, दिराच्या घरी मागच्या खोलीत. अजून कुंकू लावते.

‘मनं एक काम करशी का माय?’ नाना म्हणाले. ‘तिले वाची दाखाड नि तिना समोरच फाडी टाक. घरमा ठेवू नको. आखाजीले त्याले पानी मिळू दे.’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इकडे घरोघर गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. गिरधरच्या नावाने एक्कावन्न वर्षांत भरली गेलेली नाही, कारण तो गेलाय हेच कुणाला माहीत नाही. आखाजी तीस तारखेला आहे.

मी हो म्हटलं. नानांच्या हातावर हात ठेवून म्हटलं.

२० एप्रिल, रविवार.

नशिराबादला जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते. कुठे तरी खरं लिहायला हवं.

बेबाबाई एकाहत्तर वर्षांची आहे, काटक आहे आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावते. तिच्या खोलीत खाट, चूल आणि भिंतीला टांगलेली एक पत्र्याची पेटी. मी पोस्टमन नानांकडून आले म्हणताच तिने मला आधी बसवलं, मग पाणी दिलं, मग विचारलं, ‘पोस्टातून आली का व माय? त्यायचं पत्र आनलं का?’

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी पर्सवर हात ठेवला.

त्या क्षणी मी मनाशी म्हटलं की या बाईचं कुंकू मी कशी पुसू? हे मी अगदी मनापासून म्हटलं. आणि त्याच वेळी मला दुसरंही दिसत होतं. मी वाचलं की ते तिच्यासमोर फाडावं लागेल. चार तुकडे. मग ते जगात नसेल. मी कालच त्याचा झेरॉक्स काढून ठेवला होता, आणि कात्रीने झेरॉक्सचा कोपराही कापला होता. झेरॉक्स वाचून फाडला तर कळणार कुणाला, असा विचार करून मी तोही बरोबर नेला होता. पण तिचा हात माझ्या हातावर होता आणि मला ना हे काढता आलं, ना ते.

मी हसले. नाही हो आजी, आज पत्र नाही, असं म्हणाले.

तेव्हा तिने पेटी काढली. गिरधरची अकरा कार्डं. तो सुरतेला गेल्यापासूनची सगळी, सुतळीने बांधलेली. कडेने आडवं लिहिलेलं. एकावर लिहिलं होतं, ‘तू काढलेला पापड इथे सगळ्यांनी खाल्ला, मला एकच मिळाला.’ सुरतेचे शिक्के इतके स्वच्छ! मी म्हणाले, यावरून त्यांचा ठावठिकाणा काढता येईल, मला न्यायला द्या. हे माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. आधी ठरवलं नव्हतं, शपथ.

तिने लगेच दिली. दारापर्यंत सोडायला आली. ‘वाचजो, पन परत आनजो,’ एवढंच म्हणाली.

आता अल्बममध्ये बारा कार्डं आहेत. सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरी. असा संच मी कुणाकडे पाहिलेला नाही. मी दोनदा हात धुतले आणि पुन्हा बघत बसले. मला लाज वाटते आहे आणि मी बघते आहे.

२१ एप्रिल, सोमवार.

नानांनी विचारलं. मी काम झालं म्हणून सांगितलं. ‘बठ्ठं वाचं ना माय? फाडं ना?’ सगळं वाचलं, फाडलं, दोन्हीला मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ती काय बोलली? हे मी ठरवून गेले नव्हते. पण तोंड चालू झालं की थांबत नाही. मी सांगितलं, ती रडली नाही, शांतपणे कुंकू पुसलं, आणि म्हणाली की पोस्टमनभाऊंना सांगा, माझा राग नाही.

नाना लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. रात्री पुनम सांगायला आली की नाना आज पोटभर जेवले, तुम्ही काय जादू केली? मी म्हटलं, काही नाही, जुन्या गप्पा.

आखाजीच्या आत मी बेबाबाईकडे जाणार आहे. नऊ दिवस आहेत. एकदा नीट फोटो काढून घेते, मोजमाप लिहून ठेवते, मग जाते.

२४ एप्रिल, गुरुवार.

संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, पत्ता झाकून. नुसती धांदल उडाली. पुण्याचे हितेंद्र सर, जे कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनी लिहिलं की असं कार्ड हाती लागायला नशीब लागतं. दिवसभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. कुंदनचा साडेअकराचा फोनसुद्धा दोन मिनिटांत आटोपला. तो काहीतरी सांगत होता, जेट्टीवरच्या क्रेनचं. मी नंतर बोलू म्हटलं.

२७ एप्रिल, रविवार.

नाना पहाटे झोपेतच गेले. चेहरा अगदी निवांत होता. पुनम म्हणाली, इतक्या वर्षांत त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

त्या चेहऱ्याकडे मी एकदाच पाहिलं. तो निवांतपणा मी खोटं बोलून दिला होता. त्यांच्या पायांना हात लावताना वाटलं, आता ते डोळे उघडून पुन्हा विचारतील, फाडं ना?

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

मी गेले नाही. घरात सुतक आहे, पुनमला मदत हवी, बाहेर पंचेचाळीस डिग्री. तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्ही खोटी आहेत.

समोरच्या घरी घागर भरली. त्यांच्या आजोबांचं नाव घेतलं, काकांचं घेतलं. पोरी निंबाला झोका बांधून गाणी म्हणत होत्या. मी ओट्यावर उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. एक नाव मलाही घेता आलं असतं. आत गेले आणि अल्बम उघडला.

सकाळच्या पेपरचा डावा खालचा कोपरा फाटलेला होता. टाकणाऱ्याची चूक असेल.

३ मे, शनिवार.

विजेचं बिल आलं. कोपरा नाही. किराण्याच्या यादीचा नाही. पेपर आज चौथ्या दिवशी तसाच.

उंदीर असतील म्हणून पुनमकडून गोंदाचा सापळा आणला. पण मी आयुष्यभर कागद हाताळलेत. दातांनी कुरतडलेला कागद वेगळा असतो. हा बोटांनी फाडलेला आहे, कडेला तंतू सुटलेत. आणि तुकडे घरात कुठेच नाहीत. केर मी दोनदा गाळून पाहिला.

७ मे, बुधवार.

दुसरा अल्बम काढला. सगळ्या लग्नपत्रिका. हळदीच्या बोटाची, गणपतीची, सोनेरी बेलबुट्टीची. एकेकीचा डावा खालचा कोपरा गेलेला. तिसऱ्या अल्बमात जिनिंगची लेबलं. हत्तीचा पुढचा पाय गेला.

फक्त बेबाबाईची अकरा कार्डं शाबूत आहेत. आणि बारावं जसं होतं तसं.

उद्या नशिराबादला जायचं. नक्की.

८ मे, गुरुवार.

गेले. म्हणजे बस स्टॉपपर्यंत गेले. पर्समध्ये हात घातला, कार्डाचा गुळगुळीतपणा बोटांना लागला आणि वाटलं, आज नको, नानांची गंधमुक्ती, सुतक फिटण्याची पंगत, झाली की बघू. उन्हात उभी राहून मी स्वतःशी हुज्जत घातली आणि स्वतःला हरवून परत आले. इतकी मी नीच असेन असं मला वाटलं नव्हतं.

कुंदनला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तो हसला नाही. म्हणाला, कामिनी, उद्याच्या उद्या जा आणि देऊन ये. समजा गिरधरच्या जागी मी असतो तर?

मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस.

१२ मे, सोमवार.

नानांच्या गंधमुक्तीला पंगत बसली. उरलेल्या पत्रिकांतली एक मी अल्बमसाठी ठेवून घेतली. सवयीने. मग शरम वाटली. मग पाहिलं तर कोपरा नव्हताच.

प्रत्येक कागद मला सांगतोय की माझ्यात मरणाची बातमी आहे. मी वाचते. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचते. छोट्या जाहिराती वाचते. बिलामागचे नियम वाचते. बातमी कुठेच नाही. कुणाची ते कुणी सांगत नाही.

२२ मे, गुरुवार.

साडेअकरा. फोन नाही.

बारा. नाही. मी लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’

२४ मे, शनिवार.

तिसरा दिवस. बंदराच्या ऑफिसात लावला. एक माणूस हिंदीत बोलत होता. नाव सांगितल्यावर थांबला. मग फार हळू आवाजात म्हणाला, मॅडम, आप घरवालों से बात कर लीजिए. मी म्हटलं, मीच घरवाली आहे. त्याने फोन ठेवला.

ललितभाऊंना लावला. ते म्हणाले, दादा ठीक आहे, जहाजावर काम चाललंय, तिथे रेंज नाही. ते कालच जाऊन भेटून आले म्हणे. आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

२५ मे, रविवार.

फैजपूरला गेले. सासूबाईंनी जवळ बसवून जेवायला वाढलं. मला कधी भरवलं नव्हतं, आज भरवलं. मी विचारलं, आई, खरं काय आहे? त्या म्हणाल्या, काही नाही व बाई, तू जेव. त्यांनी स्वतः गोड घेतलं नाही.

ललितभाऊ घरात टोपी घालून बसले होते. मे महिन्यात. पंख्याखाली. मी म्हटलं, टोपी काढा की. ते उठून केळीच्या बागेत निघून गेले. मागून मान दिसली. केस नव्हते.

मी म्हटलं, मी सुरतेला जाते. सगळे एकदम बोलू लागले. कशाला, इतक्या उन्हात, दादा येणारच आहे. चांगली माणसं आहेत. मला त्रास होऊ नये म्हणून धडपडत होती. मी ओळखलं. ही धडपड मला पाठ आहे.

२९ मे, गुरुवार.

सुरतेला गेले. सोमवारपासून तिथेच होते. कुंदनच्या खोलीवरची मुलं पाया पडली. त्याची बॅग दिसली नाही, चपला दिसल्या. साहेब साइटवर आहेत, म्हणाली. कुठल्या? एकाने पाणी आणलं. दवाखान्यांतून फिरले. नोंद दाखवतात, त्या पानाचा कोपरा—

कुणीच मेलं नाही म्हणतात. कुणीच जिवंतही म्हणत नाही.

उद्या नशिराबाद. आधी तिचं तिला देते. फाडते. पायावर डोकं ठेवते. मग कदाचित मला—

३० मे, शुक्रवार.

उशीर झाला.

घरापुढे माणसं बसली होती. बेबाबाई काल दुपारी गेली. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेली. तिची जाऊ म्हणाली, अहेव गेली, नशिबाची. आणि म्हणाली की शेवटपर्यंत विचारत होती, ती पोस्टातली माय आली का?

मी उभी होते. पर्समध्ये बारा कार्डं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी विचारलं नाही, तू कोण. त्या सरकल्या. मधे जागा केली. मला दंडाला धरून बसवलं—जिच्या घरचं गेलंय तिला बसवतात तसं. एकीने माझा पदर डोक्यावर ओढला.

मी ओरडून उठले.

२ जून.

वाचायला कुणी उरलं नाही. मीच मोठ्याने वाचलं. ओट्यावर उभी राहून. तोतारामची सही वाचली. फाडायला गेले—

फाटत नाही. मी ओढते, कात्री लावते. कार्ड तसंच. माझ्या बोटांना रक्त आलं.

६ जून.

पुनमकडे कुंकवाचा करंडा होता. बायकांना लावत होती. माझ्यापर्यंत आली, कपाळाकडे पाहिलं. थांबली. करंडा आत नेला. मग परत आणला आणि घाईघाईने लावलं. जास्तच लावलं.

मी म्हटलं, पुनम, तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, ताई, किती उकडतंय ना?

१० जून. वटपौर्णिमा.

गल्लीतल्या सगळ्या जणी गेल्या. मला हाक मारली नाही. दारावरून जाताना आवाज बारीक केले.

मी एकटी जाऊन दोरा गुंडाळला. सात फेरे. गुरुजींनी दक्षिणा घेतली नाही.

१३ जून.

बायका येतात. दुपारी. ओट्यावर बसतात. दारावर येतात तशा—भेटायला, सांत्वनाला—पण कशासाठी ते बोलत नाहीत. पाणी घेतात, चहा घेत नाहीत. मी एकेकीचे पाय धरते. सांगा. एकदा सांगा. मी रडून घेईन, मला रडू द्या. त्या म्हणतात, येईल गं तो. म्हणतात, धीर धर. केळीच्या भावाचं बोलतात.

घागर कुणाच्या नावाने भरू? भरली तर मी त्याला मारलं. नाही भरली तर तो तहानलेला—

१७ जून.

साडेअकरा. नवल आला. सायकल लावली. शर्टाच्या खिशात कार्ड होतं. दिसलं मला. कोपरा—

मी म्हटलं, भाऊ, माझं पत्र आहे का?

तो माझ्या कपाळाकडे बघत होता. मी म्हटलं, असेल तर द्या हो. मी काही करणार नाही. मी नुसतं वाचीन.

त्याने खिशावर हात ठेवला. हसला. नाही ताई, आज नाही, म्हणाला—

दयेने हसला. ते हसू मी ओळखलं—तसंच मी—पर्सवर हात ठेवून मी तसंच—

पळाले मागे. सायकल गेली. उद्या येईल. उद्या मी हळद लावून, हसत, धावत जाईन, तशी गेले तर त्याला माझी

१८ जून.

सव्वाअकरा. दारात आहे. सायकलची घंटा वाजली, तो वळणावर—थांबलाय, खिशातून काढून बघतोय, परत ठेवतोय—नको ठेवू, नको ठेवू रे—भाऊ, माझं पत्र आ